पात्रं गायला लागली की गुपितं फुटतात

(ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी या भागाचा लेखी मजकूर. जे बोललो तेच आहे, फक्त 'म्हणजे' आणि 'काय म्हणतात ते' एवढं थोडं कापलंय.)

इयरफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा, कारण आज विषय गाण्याचा आहे, मधेच मी गुणगुणलो तर माझी जबाबदारी नाही.

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. म्हणाला, दादा, मी स्टार ट्रेकची नवीन सिरीज बघत होतो, 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'. मस्त चाललं होतं. अंतराळ, लढाया, विज्ञान. आणि दुसऱ्या सीझनच्या नवव्या भागात अचानक सगळे गायला लागले! कॅप्टन गातोय, इंजिनियर गातेय, दुश्मन क्लिंगॉनसुद्धा बॉयबँडसारखे नाचताहेत. हे काय आहे? मी बंद केलं.

तर भाऊ, तू बंद केलंस ते बरोबर का चूक यात मी पडत नाही. पण तू जे बघितलंस त्याला इंग्रजीत म्युझिकल एपिसोड म्हणतात. एरवी जी मालिका गाण्याची नाही, म्हणजे पोलिसांची आहे, हॉस्पिटलची आहे, भुताखेतांची आहे, तिच्यात वर्षानुवर्षांत एखादाच भाग असा येतो की पात्रं बोलायच्या ऐवजी गातात. पुढच्या भागात परत सगळे नीट बोलायला लागतात. तू पाहिलास तो भाग २०२३ च्या ऑगस्टमधला, आणि स्टार ट्रेकच्या जवळजवळ साठ वर्षांच्या इतिहासातला असा पहिलाच.

आता माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना बस पकडायची आहे त्यांना अर्ध्यात सोडता येईल. लोक म्हणतात हा प्रकार अमेरिकन आहे, आपल्याकडे याचं काय काम, आपल्याकडे तर सगळंच गाण्याचं असतं. मला वाटतं उलट आहे. आपल्या आजच्या मराठी मालिकांत पात्रं गातच नाहीत. आणि म्युझिकल एपिसोड जे काम करतो ते काम आपल्या आज्या पहाटे चार वाजता करत होत्या. थांबा, तिथपर्यंत येतो.

आधी सगळ्यात गाजलेला भाग घेऊ. 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर'. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या जन्माच्या आसपासची सिरीज. एक मुलगी असते, तिचं काम रक्तपिशाच्च मारणं. ६ नोव्हेंबर २००१ ला त्याचा सहाव्या सीझनचा सातवा भाग आला, नाव 'वन्स मोर, विथ फीलिंग'. हे नाव ऐकल्यावर मराठी माणसाच्या कानाला काय होतं? वन्स मोर! हा शब्द तर आपल्या नाट्यगृहांत शंभर वर्षं घुमलाय. पद आवडलं की पब्लिक ओरडणार वन्स मोर, आणि नट मेलेला असला तरी उठून परत गाणार. असो, त्यांच्या नावाचा आणि आपल्या बालगंधर्वांचा काही संबंध नाही, पण मला मजा वाटते.

गोष्ट अशी. गावात एक राक्षस येतो आणि त्याच्या जादूने सगळे गायला लागतात. पहिल्या रात्री प्रत्येक जण आपापल्या ठिकाणी गातो. सकाळी मित्रमंडळी जमतात आणि सगळे जरा ओशाळलेले. बफी हळूच विचारते, काल रात्री कुणी, म्हणजे, गाणं वगैरे म्हटलं का? आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, की चला, मी एकटाच नव्हतो. सिरीजमधला माझा सगळ्यात आवडता विनोद.

पण आता खरा मुद्दा. स्पॉयलर आहे, पंचवीस वर्षं जुना आहे, तक्रार चालणार नाही. बफी आधीच्या सीझनच्या शेवटी मेलेली असते. तिचे मित्र जादू करून तिला परत आणतात. त्यांना वाटतं ती नरकात अडकली होती आणि आपण तिची सुटका केली. ती काहीच बोलत नाही. आभार मानते. पण ती नरकात नव्हती, ती स्वर्गात होती, शांत होती, आणि यांनी तिला ओढून परत या कटकटीत आणलंय. हे ती मित्रांना कधीच सांगणार नसते. कारण सांगितलं तर ते मोडून पडतील. आणि मग गाण्यात, सगळ्यांसमोर, ते तिच्या तोंडून निघून जातं. मित्रांचे चेहरे बघा त्या वेळचे. गाणं संपतं. आता ते परत घेता येत नाही.

त्याच भागात एक लग्न ठरलेलं जोडपं आहे. दोघं एकमेकांना कधी सांगणार नाहीत अशा शंका एका हसऱ्या गाण्यात सांगून बसतात. दुसरा एक जण गाण्यात ठरवतो की आपण आता निघून गेलं पाहिजे. म्हणजे राक्षस खरं तर लोकांना गायला लावत नाहीये, खरं बोलायला लावतोय. सूर हे फक्त वाहन.

मी बॅकएंडवर काम करतो, म्हणून माझ्या डोक्यात याचं चित्र असं येतं. ॲप नीट चालत असतं, तेव्हा वापरणाऱ्याला वर गुळगुळीत स्क्रीन दिसते. आत हजार गोष्टी घडत असतात, त्या सगळ्या लॉगमध्ये जातात, आणि लॉग कुणी बघत नाही. काही बिघडलं की आपण लॉगची पातळी वाढवतो, आणि मग आतलं सगळं बाहेर यायला लागतं: कुठे अडकलंय, कोण कुणाची वाट बघतंय, कुठली एरर तीन महिने गिळून टाकली जात होती. म्युझिकल एपिसोड म्हणजे ती पातळी वाढवणं. माणसं तीच, घर तेच, फक्त आज लॉग स्क्रीनवर छापले जाताहेत.

आणि बघा, स्टार ट्रेकच्या त्या भागात हेच उघड बोलून दाखवलंय. जहाजाची सुरक्षा बघणारी ला'आन म्हणते की हे गाणं म्हणजे सुरक्षेला धोका आहे, कारण लोक गाता गाता मनातलं बोलून बसताहेत. कॅप्टनचं त्याच्या मैत्रिणीशी खासगी भांडण सगळ्या ब्रिजसमोर मोठ्या स्क्रीनवर गाण्यात सुरू होतं, आणि कॉल बंद करेपर्यंत सगळे नजर चुकवत उभे. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कुणाचा माइक चालू राहिला की जसं होतं, अगदी तसं.

'स्क्रब्ज' नावाची हॉस्पिटलवरची विनोदी मालिका होती, तिचा असा भाग १८ जानेवारी २००७ चा. तिथे राक्षस नाही, तिथे एक पेशंट आहे जिला सगळे गाताना ऐकू येतात. पुढे कळतं की मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलाय. भाग प्रचंड हसवतो, शौचाच्या तपासणीवर एक अख्खं गाणं आहे, जेवताना बघू नका. पण शेवटी ऑपरेशन होतं, बाई वाचते, शुद्धीवर येते, आणि आजूबाजूला सगळे साधं बोलत असतात. तिला बरं वाटायला हवं. पण तो जो एक क्षण आहे ना, गाणं थांबल्यानंतरचा, तो मला दोन दिवस पुरला.

फसलेलेही आहेत. 'ग्रेज ॲनाटॉमी'चा २०११ चा भाग बऱ्याच जणांना आवडतो, मला नाही. अपघातात जखमी झालेली डॉक्टर स्वतःलाच बाजूला उभी राहून गाताना बघते. कल्पना चांगली. पण गाणी सगळी आधीच त्या मालिकेत वाजून गेलेली, प्रसिद्ध. म्हणजे नवीन काही फुटतच नाही त्यातून. आपल्याला आधीच माहीत असलेलं दुःख चांगल्या आवाजात परत ऐकायला मिळतं. त्यापेक्षा मोठं अपयश १९९० चं 'कॉप रॉक'. पोलिसांची मालिका आणि दर आठवड्याला गाणी. न्यायालयात ज्युरी गाते. ११ भागांत बंद. रोज रोज लॉग छापले तर ते कोण वाचणार?

तर या सगळ्यांत एक गोष्ट समान. गाण्याला कारण लागतं. राक्षस, फुगा, अंतराळातली गडबड. का? कारण त्या जगात माणसं उगीच गात नाहीत. गायली तर कुणीतरी विचारणार, अरे, तू गातोयस का?

आता आपण घरी येऊ. मराठी संगीत नाटक. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आलं, दोन वर्षांनी 'संगीत सौभद्र'. तिथे कुणी विचारलं नाही की शकुंतला गातेय का. पदांवर पदं, रात्र सरेपर्यंत. प्रेक्षकाला कारण नको होतं, सूर हवा होता.

मग १९३३ मध्ये एक छान गोष्ट घडली. 'नाट्यमन्वंतर' नावाची संस्था, श्री. वि. वर्तकांचं नाटक 'आंधळ्यांची शाळा', नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावरून. घरातलं, आजचं, खरं वाटेल असं नाटक. त्यात गाणी मोजकीच, आणि जिथे घरातलं माणूस सहज गाईल तिथेच. संगीत केशवराव भोळे यांचं, गाणारी ज्योत्स्ना भोळे. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी मराठी रंगभूमीने स्वतःलाच विचारलं होतं, गाण्याला कारण लागतं का? आणि उत्तर दिलं होतं, हो, लागतं.

हेच केशवराव भोळे चार वर्षांनी, १९३७ मध्ये, प्रभातच्या 'कुंकू'ला संगीत देतात. व्ही. शांतारामांचा सिनेमा, शांता आपटे नायिका. यूट्यूबवर शोधा, प्रिंट फार चांगली मिळेल अशी आशा ठेवू नका, पण बघा. नीरा नावाची तरुण मुलगी, फसवून म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावून दिलेली, आणि ती हे लग्न मानायला नकार देते. या सिनेमाला पार्श्वसंगीतच नाही. घरातले आवाज, रस्त्यावरचे आवाज, बस. दुःख झालं म्हणून मागे व्हायोलिन नाही. गाणं आहे ते पात्राचं आहे, आणि शांता आपटे स्वतःच्या आवाजात गाते. त्या मुलीला घरात बोलायला जागा नाही, पण ती गाते तेव्हा घराला ऐकावं लागतं.

आता आजची मराठी मालिका लावा. कुठलीही, मी नाव घेत नाही, तुमच्या घरी आठ वाजता जी लागते ती. गाणं कुठे आहे? शीर्षकगीत आहे. आपल्या पिढीला ही गीतं तोंडपाठ असतात. 'आभाळमाया', 'वादळवाट', दोन्ही मंगेश कुलकर्णींची आणि अशोक पत्कींच्या संगीतातली, माझ्या आईला आजही पहिल्या दोन सुरांत ओळखू येतात. मग लग्नाचा महाएपिसोड असतो, त्यात नाच. गणपतीत आरती. आणि कॉमेडी शोमध्ये पात्रं गातात, कारण तिथे गाणं म्हणजे विनोद, कुणी मनावर घेत नाही. बाकी? सून स्वयंपाकघरात उभी आहे. डोळ्यांत पाणी. कॅमेरा तीन बाजूंनी येतो. आणि मागून कुणीतरी गातंय. आलाप, कोरस, कधी शब्द. पण ती गप्प. तिच्या मनातलं गाणं भलतीच बाई गातेय, मुंबईच्या स्टुडिओत, आणि ते आपल्याला ऐकू येतं, पण सासूला नाही, नवऱ्याला नाही. घरातल्या कुणालाच नाही.

हा फरक मला फार मोठा वाटतो. बफी गाते तेव्हा समोरचे ऐकतात. ही सून कधीच ऐकली जात नाही. म्हणून तिचं गुपित फुटत नाही, आणि मालिका हजार भाग चालते. गुपित फुटलं तर संपेल ना!

आता पहाटे चार वाजताची गोष्ट.

आमच्या घरी, म्हणजे जामला, गुरांच्या कोठ्यात एक जातं पडून आहे. ज्यांना जाम माहीत नाही त्यांच्यासाठी: नागपूरहून हैदराबादकडे निघालं की समुद्रपूर तालुक्यात आमचा चौक लागतो, तिथून चंद्रपूरचा रस्ता फुटतो. तुम्ही इथे चहा प्यायला थांबला असाल, गावात आला नसाल. तर ते जातं आजीचं. गावात पिठाची गिरणी आली आणि जातं कोठ्यात गेलं, ही माझ्या जन्माच्या बऱ्याच आधीची गोष्ट.

बाबा सात-आठ वर्षांचे असतानाचं सांगतात. हिवाळा, पहाट, ते गोधडीत. बाजूला आजी दळतेय आणि ओव्या चालू आहेत. रोजच्याच, राम, सीता, भाऊराया, माहेर. आणि त्यात एका मुलीचं नाव येतं. रोज येतं. बाबांना वाटायचं असेल कुणी देवाची. एक दिवस त्यांनी त्यांच्या आत्याला विचारलं, ही कोण? आत्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग सांगितलं, तुझी मोठी बहीण. तुझ्या जन्माआधी गोवरानं गेली.

घरात त्या मुलीचं नाव काढायचं नाही असं ठरलेलं होतं. आजीच्या सासूने ठरवलं होतं, का ते आता विचारायला कुणी नाही. कदाचित तिलाही सोसत नसेल. दिवसभर कुणी नाव काढलं नाही, वर्षानुवर्षं. पण पहाटे जात्यावर ते नाव यायचं, आणि सासू त्याच खोलीत झोपलेली, जागी असायची, ऐकायची. आणि कधीही, एकदाही, तिने हटकलं नाही. कारण ती ओवी होती. ओवीला हटकत नाहीत.

मी आजीला विचारलं, तुला भीती नाही वाटायची? ती म्हणाली, "काहून वाटन? जात्यावर बसलं का कोनाचा धाक नसे बाबू. हात चालला का तोंड चाले."

हे ऐकल्यावर मला बफी आठवली, आता हसा पाहिजे तर. पण नियम तोच आहे, सांगतो कसा. एरवी जे बोललं तर घर मोडेल, ते एका ठरावीक जागी, ठरावीक चालीत म्हटलं तर चालतं. ऐकणाऱ्याने ऐकलेलं असतं, पण त्यावर भांडण करता येत नाही. अमेरिकेतल्या लेखकाला त्यासाठी राक्षस आणावा लागला. आपल्याकडे दगडाचे दोन पाट होते.

आणि ही फक्त आमच्या घरची गोष्ट नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी पुण्यात राहून, गावोगावी फिरून महाराष्ट्रातल्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एक लाख! पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, म्हणजे 'पारी'च्या वेबसाइटवर त्यातल्या कितीतरी ऐकायला मिळतात, मराठीत शब्दांसकट. ऐकून बघा एखादा तास. नवऱ्याचा मार आहे, पोटच्या पोरी आहेत, भावजयीची कुरबुर आहे, आंबेडकर आहेत. प्रत्यक्षात तोंडातून काढायची सोय नव्हती असं सगळं आहे. कुणाचा आवाज फार गोड वगैरे नाही. तो मुद्दाच नव्हता.

आवाजावरून आठवलं. बफीच्या त्या भागात सगळ्या नटांनी स्वतःच गायलंय. त्यातले दोन-तीन जण खरंच चांगले गातात, बाकीचे आपल्यासारखे. विलोचं काम करणाऱ्या ॲलिसन हॅनिगनने स्वतःहून सांगितलं होतं की मला कमी ओळी द्या, म्हणून तिला अगदी थोड्याच आहेत. लिहिणारा जॉस व्हीडनही काही संगीत शिकलेला नव्हता, कित्येक महिने पियानोवर बसून त्याने ती गाणी रचली. आपल्याकडे हे सुचवून बघा! गाण्याच्या स्पर्धा बघून बघून आपल्या डोक्यात बसलंय की गायचं तर सुरेलच गायचं, तीन परीक्षक उभे राहिले पाहिजेत. मग साधं माणूस गातच नाही. लाजतं.

एक जागा मात्र अजून आहे जिथे पात्रं बिनकारणाची, बिनलाजेची गातात. आमच्यापासून फार लांब नाही. जामहून पूर्वेकडे, चिमूर-नागभीड करत ब्रह्मपुरीकडे गेलं की झाडीपट्टी लागते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, हा भाताचा पट्टा. धान निघालं की नाटकांचा हंगाम, वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं मुख्य ठाणं. इथल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या कितीतरी लोकांनी झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

दोन वर्षांपूर्वी मी एका नातेवाइकांकडे ब्रह्मपुरी तालुक्यात गेलो होतो, तेव्हा रात्रभर बसून एक नाटक पाहिलं. थंडी अशी की लोक ब्लँकेट घेऊन आलेले. सामाजिक नाटक, म्हणजे दारू, कर्ज, पोरीचं लग्न. मंचासमोर खाली वाजवणारे बसलेले, ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. तिसऱ्या अंकात मुलगी बापाचं घर सोडून निघते. दारात थांबते आणि गायला लागते. बापाला सांगते की तुझ्या दारूनं आईला खाल्लं. बाप समोर उभा आहे, ऐकतोय, त्याला मधे बोलता येत नाही, कारण गाणं चालू आहे. गाणं संपलं, ती निघाली, आणि माझ्या मागून एक आजोबा ओरडले, वन्स मोर! मग काय, ती परत आली. परत दारात थांबली. बापाने परत मान खाली घातली. दुसऱ्या वेळी तिने जास्त चांगलं गायलं असं मला वाटलं. आणि बाजूला बसलेला एक माणूस, पन्नाशीचा असेल, तो पूर्ण वेळ जमिनीकडे बघत होता. तो का बघत होता हे मला माहीत नाही, आणि मी विचारणारही नव्हतो.

तिथे कुणाला राक्षस लागला नाही.

बरं, आता कुणी म्हणेल, एवढं आहे तर मराठी मालिकेत असा एक भाग का होत नाही? एक कारण सरळ आहे, वेळ. आठवड्याला सहा भाग, प्रत्येकी वीस-बावीस मिनिटं. आज शूट, परवा टीव्हीवर. यात सहा गाणी लिहायची, चाली लावायच्या, नटांकडून आधी रेकॉर्ड करून घ्यायची, मग त्यावर शूट करायचं, कोण करणार? मी दर दोन आठवड्यांनी रिलीज देतो तरी डोळ्याखाली काळं झालंय, ते लोक रोज देतात. पण महाएपिसोडला वेळ मिळतो ना? लग्नाला दागिने, हेलिकॉप्टर, पाहुणे कलाकार, सगळं जमतं. तेवढ्या मेहनतीत हे बसेल.

मला विचाराल तर मी असं करीन. राक्षस नको, फुगा नको. एकत्र कुटुंबाची मालिका, चार-पाचशे भाग झालेले, सगळ्यांची गुपितं तुंबलेली. रात्री लाइट जाते. आमच्याकडे जाते तशी, चांगली तीन-चार तास. मोबाइल संपलेले. सगळे ओट्यावर. म्हातारी सासू काहीतरी निवडायला घेते, हात चालवायला, आणि एक ओवी म्हणते. तिची स्वतःची, चाळीस वर्षांपूर्वीची, ती सून असतानाची. सून ऐकते आणि अंधारात दुसरी ओवी जोडते. बस, मग सुटतंच. नटांचे स्वतःचे आवाज, फाटले तर फाटले. मागे ऑर्केस्ट्रा नाही, 'कुंकू'सारखं, फक्त रातकिडे आणि सूप. लाइट येते तेव्हा सगळे एकमेकांकडे बघतात, आणि पुढच्या सोमवारचा भाग त्या नजरेपासून सुरू. कुणी चॅनेलवाले ऐकत असतील तर कल्पना फुकट आहे, घ्या.

माझी आई हे ऐकून म्हणाली, "सासू-सून अशा एका ओट्यावर बसतील तर मालिका बंद पडन ना रे." तिचंही बरोबर आहे. आईने स्वतः कधी ओवी म्हटली नाही. ती या घरात आली तेव्हा गिरणी होती, डबा भरून द्यायचा आणि पीठ आणायचं. वेळ वाचला, कंबर वाचली. मी जात्याचं कौतुक करणाऱ्यांतला नाही, कुणी दोन किलो ज्वारी दळून दाखवा आणि मग बोला. पण आईला जे म्हणायचं होतं ते तिने कुठे म्हटलं, हे मला खरंच ठाऊक नाही. संध्याकाळी ती मालिका बघते. कधी कधी मागचं गाणं सुरू झालं की ओठ हलतात तिचे.

मेसेज करणाऱ्या मित्रा, तुझ्यासाठी: तो स्टार ट्रेकचा भाग परत लाव, पण कथा विसरून फक्त एवढंच बघ की प्रत्येक गाण्याआधी त्या पात्राला काय लपवायचं होतं. मग स्क्रब्ज. बफी मात्र थेट तो भाग बघू नकोस, निदान पाचव्या सीझनचा शेवट बघून ये, नाहीतर स्वर्गाच्या गाण्याला अर्थच राहणार नाही.

आणि ज्यांच्या घरी आजी आहे त्यांना एक तांत्रिक सूचना. "आजी, ओवी म्हण, रेकॉर्ड करतो" असं म्हणू नका. मी म्हटलं होतं, ती म्हणाली, "मले नाई आठवत." मी सूप दिलं हातात, तांदूळ निवडायला, तेव्हा अर्धीमुर्धी आली. शेवटी आम्ही कोठ्यातलं जातं धुऊन घेतलं, तिला पाट दिला, मूठभर ज्वारी टाकली. तिच्याच्याने फिरत नव्हतं, म्हणून खुंट्याला माझाही हात लावला. चौथ्या-पाचव्या फेऱ्याला सुरू झाली, आणि मग चाळीस मिनिटं थांबली नाही. फोन जात्याच्या फार जवळ ठेवू नका, घरघरीत शब्द बुडतात. मी दोन हात लांब, उशीवर ठेवला होता. विमान मोड लावा. त्या चाळीस मिनिटांत ते नाव सहा वेळा आलंय. बाबा दारात उभे होते.

ते रेकॉर्डिंग या भागात लावणार नाही, आजीने नको म्हटलंय. पुढच्या शुक्रवारी शीर्षकगीतांवर बोलू, तोवर तुमच्या घरची कुठली गाणी लोकांना पाठ आहेत ते पाठवा, व्हॉइस नोटमध्ये, बेसूर चालेल.